तिसऱ्यातून दुसऱ्यात

युमा, ॲरिझोना
१४ जानेवारी १९९३

प्रिय ओन्नी,

तुझं नाताळचं पत्र आणि सिल्वीने पाठवलेला वेलचीचा पाव दोन्ही पोचले. पाव दगडासारखा झाला होता, पण कॉफीत बुडवून मी एकट्याने संपवला. इथे जानेवारीत माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात. अंगणात लिंबं लागली आहेत. साऊना, आपली वाफेची न्हाणी, मात्र कुणाकडेच नाही, त्यामुळे शनिवारची संध्याकाळ कशी काढायची हे मला अजून उमगलेलं नाही. एल्सी म्हणते, "बाबा, अंगणात बसा, तेवढीच ऊब." तिचा जन्म आपल्या आहोलातला, तरी ती असं बोलते.

आता कामाचं. माझी पिवळी गाडी तुझ्या शेडमध्ये आहे. ड्युलुथच्या बर्न्ट ओस्लुंडने तिच्याबद्दल परत विचारलं आहे. त्याच्याकडे तशीच एक गाडी आहे, पिवळी त्याला सुट्या भागांसाठी हवी. म्हणजे तो तिला फाडणार. तू लिहिलंस, की वर्षानुवर्षं जंगलातल्या फाट्यावर झेंडा घेऊन उभा राहिलास, आता एकदा तरी सप्टेंबरच्या मोटार-रॅलीत स्वतः गाडी चालवायची आहे, सिल्वीला शेजारी बसवून. मी वाचलं आणि हसलो. मग दोन दिवस हसू आलं नाही.

तर ऐक. गाडी तुला द्यायला मी तयार आहे, आणि फुकट. पण तिचा गिअरबॉक्स आता शेवटचा. त्याचे दात गेले की दुसरे मिळणार नाहीत. तू पिकअप चालवतोस तशी, आधी वेग उतरवून मग निवांत गिअर बदलत, ती चालवलीस तर रॅलीत शेवटून पहिला येशील. आणि घाईने तिसऱ्यातून दुसऱ्यात कोंबलीस तर दात जातील. मधला मार्ग एकच आहे. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबून ठेवायचा, डाव्याने क्लच, आणि ब्रेक जराही न सोडता त्याच उजव्या पायाची कड किंवा टाच वळवून ॲक्सिलरेटरला एक टोला द्यायचा. इंजिन भुंकतं, चाकांच्या वेगाला येऊन मिळतं, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. देवाने पाय दोन दिले आणि गाडीवाल्यांनी पेडलं तीन, त्याला कोण काय करणार.

गिअरबॉक्सच्या तळाला एक बूच आहे, त्याच्या टोकाला लोहचुंबक आहे. दात घासले की लोखंडाचा कीस तिथे जमतो. रॅली झाल्यावर ते बूच काढ, पुसू नकोस, डब्यात घालून मला पाठव. कीस असेल तर गाडी ओस्लुंडची. नसेल तर तुझी. तू काय सांगतोस ते मी ऐकणार नाही, बूच सांगेल ते ऐकेन.

मधूनमधून लिहीत जा. इंजिनाचा आवाज कसा येतो तेही लिही, नीट लिही. फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि तिथे सगळं घर कान देऊन बसलेलं असतं.

आणि गाडी तळ्याच्या बर्फावर न्यायची नाही. त्या तळ्याने माणसांच्या गाड्या गिळल्या आहेत.

तुझा,
वाल्डेमारमामा

*

आहोला, मिशिगन
७ फेब्रुवारी १९९३

प्रिय वाल्डेमारमामा,

आज रविवार, म्हणून गाडीला हात लावला नाही. चर्चहून आलो, जेवलो आणि लिहायला बसलो. बर्फ खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आलं आहे. सकाळी शाळेची बस सुरू करण्याआधी मला रोज तासभर फावडं मारावं लागतं.

तुमची अट सिल्वीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बुचाला तरी खोटं बोलता येत नाही, मामांनी बरोबर माणूस निवडला." मग तिने मला विचारलं, की मला हे खरंच हवं आहे का. मी हो म्हणालो. मला ते शब्दांत नीट सांगता येईना. फाट्यावर उभं राहून मी इतक्या गाड्या येताना ऐकल्या. झाडांमागे आधी आवाज येतो, वळणाआधी इंजिन भुंकतं, एकदा, दोनदा, मग गाडी दिसते. जे लोक ते करतात ते माझ्यासारखेच, कुणी सुतार, कुणी लाकूडतोड्या. पण त्या क्षणी त्यांचे हातपाय आणि गाडी यांत काही फट राहत नाही. प्रार्थना म्हणताना कधीतरी तसं होतं, नेहमी नाही. ते एकदा मला माझ्या पायांनी कळावं, इतकंच.

एका सपाट मोकळ्या जागी सराव सुरू केला आहे. जमत नाही. ब्रेकचं पेडल उंच राहतं आणि ॲक्सिलरेटर खूप खाली. चवडा ब्रेकवर ठेवून कड खाली न्यायला गेलो की पायाचा भार ब्रेकवर पडतो आणि चाकं अडकतात. पाय पोचतच नाही. तुम्ही उंच, तुमचे पायही मोठे. माझा पाय कदाचित या कामाचा नसेल.

आवाजाचं विचारलंत. थंड असताना ती खोकते, एका बाजूने. गरम झाली की आवाज गोल होतो, रिकामं पिंप लाकडी फरशीवरून गडगडत न्यावं तसा.

तुमचा,
ओन्नी

*

युमा
१८ फेब्रुवारी १९९३

प्रिय ओन्नी,

रिकामं पिंप. बरोबर. शाबास.

सपाट मोकळी जागा म्हणजे ती बंद पडलेली धावपट्टी असणार, जिथे काउंटीवाले बर्फ काढून ठेवतात. चांगली निवडलीस.

पाय पोचत नाही हे मला पटत नाही. तुझ्या आईच्या माहेरी सगळ्यांचे घोटे खुंटासारखे, तुझा मामा असूनही मी तेवढा वाचलो. स्वयंपाकघरात खुर्चीवर बस, चवडा जमिनीवर टेकव आणि टाच बाहेर फिरव. सकाळ-संध्याकाळ. सिल्वीला हसू दे.

आणि ते फेल्ट भरलेले बूट घालून गाडीत बसतोस ना? ते काढ. त्या बुटांतून तुला घोड्याने लाथ मारली तरी कळणार नाही.

मामा

*

आहोला
२७ मार्च १९९३

प्रिय मामा,

जमलं. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

बुटांचं तुम्ही म्हणालात ते खरं होतं. सिल्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते तेव्हा तिच्या पायात पातळ तळव्याचे बूट असतात, पायांनी वाजवायच्या पट्ट्या तिला बोटांसारख्या कळतात. तिचे मला कुठले होणार? मग मी माझे रविवारचे काळे बूट बाहेर काढले. आता सराव त्यांत करतो. शेजारच्या आर्वोने मला गॅरेजकडे जाताना पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं रे?" कुणी गेलं नाही म्हटल्यावर त्याची निराशा झाली.

तरी पाय पोचत नव्हता. मग मॅपलच्या लाकडाचा ठोकळा तासून ॲक्सिलरेटरच्या पेडलवर बसवला, दोन स्क्रू मारून. आता दोन्ही पेडलं एका पातळीला आली. हलका ब्रेक, कडेने टोला, आणि गिअर आत. काही झटका नाही. सिल्वीला शेजारी बसवलं तर ती म्हणाली, "मला तर काही कळलंच नाही." यापेक्षा मोठी शाबासकी तिने मला लग्नापासून दिलेली नाही.

आवाज असा: आधी खाली उतरत येणारा एक लांब सूर, मग छोटी भुंक, आणि भुंक संपायच्या आत नवा सूर, वरचा. मधे खाच नाही.

रस्ते आता उघडे पडू लागलेत. कोरड्या डांबरावर नेतो आणि कळवतो.

तुमचा,
ओन्नी

*

युमा
६ एप्रिल १९९३

ओन्नी,

ठोकळा कशाला? पिवळी मी किती वर्षं चालवली, मला कधी ठोकळा लागला नाही, आणि ती पेडलं मी स्वतः वाकवून बसवलेली आहेत.

दोन दिवस विचार करतोय. पाय पोचत नाही, ब्रेक उंच राहतो, जरा जास्त दाबला की चाकं अडकतात. काउंटीवाल्यांनी खरवडून वाळू टाकलेल्या धावपट्टीवर चाकं अशी अडकत नाहीत. तू तळ्यावर होतास. सगळा हिवाळा तू पिवळीला तळ्यावर घेऊन गेलास.

त्याबद्दल नंतर बोलेन. आधी ठोकळा काढ. बर्फावर माणूस ब्रेकला नुसतं गोंजारतो, म्हणून पेडल वर राहतं. डांबरावर ब्रेक खरा दाबावा लागतो, तो खाली जातो, आणि मग तुझा तो ठोकळा त्याच्याही वर येईल. ब्रेक मारायला जाशील आणि त्याच पायाने रेस देशील. हे पत्र मिळताच काढ. मिळेपर्यंत कुठे जाऊ नकोस.

वाल्डेमार

*

आहोला
१३ एप्रिल १९९३

वाल्डेमारमामा, नमस्कार.

मी सिल्वी. तुमचं पत्र काल आलं. दोन दिवस उशिरा.

ओन्नीला काही झालेलं नाही, हे पहिलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी मी चर्चमध्ये दुसऱ्या दिवशीची गाणी बसवत होते. खिडकीतून पिवळीचा आवाज आला, टेकडीवरून खाली येणारा. मला आता तो कळतो. चर्चच्या वळणाआधी तो उतरायला हवा होता, तो चढला. मी पट्ट्यांवरून पाय उचलले. मग एक धप्प आणि मग काहीच नाही.

गाडी रस्त्यावरून ढकलून रचलेल्या बर्फाच्या ढिगात नाकापर्यंत घुसली होती. तो ढीग नसता तर पुढे दफनभूमीचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत त्याचे आईवडील. डावा दिवा फुटला, पत्रा चेपला. ओन्नी दार उघडून बाहेर आला, त्याच्या पायात काळे बूट होते, आणि तो मला म्हणाला, "मी ब्रेक दाबत होतो, सिल्वी. मी जितका दाबला तितकी ती पळाली."

संध्याकाळी त्याने गाडीखाली जाऊन ते बूच काढून पाहिलं. चुंबकावर कीस होता, बारीक सुयांसारखा. ढिगात घुसताना त्याने घाबरून दुसऱ्यात कोंबली होती. त्याने बूच पुसलं, नवं ऑइल भरलं आणि गॅरेजला कुलूप लावलं.

तळ्यावर गेल्याचं त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नाही, तेव्हा मी काही वेगळी नाही. आता तो म्हणतो की हे सगळं गर्वाचं फळ आहे, पन्नाशीला आलेल्या माणसाने बस चालवावी आणि गप्प बसावं. किल्ली ओस्लुंडला पाठवायची म्हणून त्याने पाकीट आणलं आहे. पाकीट टेबलावर आहे. अजून पत्ता लिहिलेला नाही.

मामा, मी त्याला म्हणाले की गर्व वेगळा आणि चूक वेगळी. तो चर्चच्या पाळकाचं ऐकत नाही, माझं काय ऐकणार? तुमचं ऐकेल.

एक आणखी. काल घाबरून मी एल्सीला फोन केला होता. तुम्हाला बोलवा म्हटलं तर ती रडायला लागली. तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. मी ओन्नीला सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगायचं.

सिल्वी

*

युमा
२१ एप्रिल १९९३

प्रिय ओन्नी,

त्या पाकिटात किल्ली घातली असशील तर बाहेर काढ. नसशील तर पाकीट चुलीत घाल.

तळ्यावर गेल्याबद्दल मी चार दिवस तुला शिव्या दिल्या. मोठ्याने, फिन्निशमध्ये, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटलं मी प्रार्थना म्हणतोय. पाचव्या दिवशी थकलो. आपल्याकडे हिवाळ्यात गाडी चालवायला दुसरं आहे काय? सगळा गाव तळ्यावर जातो. मी मना केलं ते भीतीने, आणि तू लपवलंस ते माझ्या रागाच्या भीतीने. दोघांचीही भीती बर्फात घुसली, बरं झालं.

आता माझं ऐक. मी काय लपवलं तेही सांगतो. मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे, येतच नाही. दोन वर्षं उतरत होतं, गेल्या पानगळीत संपलं. म्हणून घर सोडलं, म्हणून फोन नको म्हणालो. शेवटचं चालवलं तेव्हा पिवळी सुरू आहे की बंद हे मला काट्याकडे पाहून कळत होतं. ओस्लुंडला हो म्हणायला निघालो होतो ते त्यामुळे. जिचा आवाज येत नाही ती गाडी काय आणि कपाट काय. मग तुझं नाताळचं पत्र आलं, आणि त्यामागून फेब्रुवारीचं. रिकामं पिंप लाकडी फरशीवरून. ओन्नी, ते वाक्य मी तोंडाने म्हटलं आणि मला छातीत ऐकू आलं.

तेव्हा तू सोडलंस तर माझा आवाज बंद होईल. हे काही गळ घालणं नाही. नुसतं सांगतोय.

आता शीक. ठोकळा काढ, जाळ. कोरडा रस्ता निवड, मागेपुढे कुणी नसलेला. एक महिना गिअरला हात लावायचा नाही. फक्त ब्रेक दाबायचा, खरा, पुढचा पत्रा रस्त्याला वाकून नमस्कार करेल इतका. पेडल खाली खाली येतं आणि एका जागी दगडासारखं होतं. तिथे आलं की उजवीकडे बघ. ॲक्सिलरेटर शेजारी उभा असेल, बरोबरीने. तुला पाय लांबवायला नकोच आहे. तू ब्रेकवर पूर्ण भरवसा टाकलास की दुसरं पेडल आपोआप तुझ्यापाशी येतं. तू आजवर भरवसा टाकतच नव्हतास, गोंजारत होतास. घोट्याचं मी लिहिलं ती माझी चूक. तुझा घोटा बरा आहे.

जमलं की लिही. आवाज लिही.

मामा

*

आहोला
१३ जून १९९३

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी गॅरेजमध्ये उभ्याने वाचलं. मग पिवळीच्या टपावर हात ठेवला. तुमच्या कानांबद्दल मला काय लिहावं सुचलं नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मग वाटलं की तुम्हाला माझं दुःख नकोय, आवाज हवाय. तो मिळेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं.

ठोकळा साऊनाच्या चुलीत गेला. मॅपल चांगलं जळतं.

महिनाभर नुसता ब्रेक. जुन्या खाणीकडे जाणारा रस्ता तुम्हाला आठवतो, आता तिथे कुणी जात नाही. सुरुवातीला पाय घाबरायचा. दाबायला लागलो की ढिगाची आठवण यायची आणि पाय आपोआप हलका व्हायचा. सिल्वी शेजारी बसायची. एका दिवशी ती म्हणाली, "ऑर्गनवर नवीन मुलं पट्टीला भीत भीत पाय लावतात, म्हणून सूर निघतच नाही. खाली पट्टी आहे की नाही हे बघायला जाऊ नकोस. आहे." मी दाबला. पेडल खाली गेलं आणि थांबलं. आणि मामा, दुसरं पेडल तिथे होतं. शेजारी, तुम्ही म्हणालात तसं. मी रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून खाली वाकून बघत राहिलो. सगळा हिवाळा मी ज्याच्यासाठी पाय ताणला ते अर्ध्या बोटाच्या अंतरावर होतं.

मग गिअर. पहिले काही दिवस दातांचा आवाज आला, करवत खिळ्यावर गेल्यासारखा. ते तुमच्यापासून लपवत नाही. लगेच क्लच दाबून सोडून द्यायचो, कोंबायचो नाही. काल, शनिवारी, सिल्वीने रॅलीचे जुने, वाटेतली वळणं लिहिलेले कागद आणले होते, मोठ्याने वाचायचा सराव म्हणून. ऑर्गनवर हात एका ओळीवर आणि डोळे पुढच्या ओळीवर असतात, तसंच ती वाचते, गाडी एका वळणात आणि ती पुढच्यात. पण मी गिअर उतरवला की दरवेळी झटका बसायचा, तिची मान हलायची आणि वाक्य तुटायचं. काल आम्ही खाणीच्या धुराड्यापाशी आलो, ती वाचत होती, "डावं, मोठं, पुढे उतार, मग उजवं, आखडतं..." मी ब्रेक दाबला, क्लच, टोला, दुसरा. ती वाचतच राहिली. "...आखडतं, आत झाड, कापू नकोस, मग लांब सरळ." एकही अक्षर हललं नाही. तिला कळलंच नाही मी काय केलं. मी पुढच्या वळणावर परत केलं. परत तसंच. मग मला दिसेनासं झालं आणि मी थांबलो. ती म्हणाली, "का थांबलास? मी चुकीचं वाचलं का?"

आवाज: ब्रेक लागतो तेव्हा आधी टायरांची कुजबुज, पुष्कळ लोक एकदम श्वास घेतात तशी. त्यावर इंजिन उतरत असतं, आणि त्याच्या पोटातूनच भुंक वर येते, तोडून नाही, जशी सामुदायिक गाण्यात बायकांची ओळ पुरुषांच्या ओळीतून वर निघते. तुम्ही पूर्वी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचात, तुम्हाला माहीत आहे मी कुठलं म्हणतोय.

ओन्नी

*

युमा
२६ जून १९९३

ओन्नी,

माहीत आहे.

मी ते पत्र एल्सीला वाचायला दिलं. तिने कागदावर लिहून विचारलं, "बाबा, हे गाडीबद्दल आहे?" मी म्हटलं, नाही.

आता ऑइल बदल, बूच स्वच्छ कर. मागचा कीस माफ. यापुढचा नाही. अट अजून आहे तशीच आहे, मी रडलो म्हणून ती विरघळली असं समजू नकोस.

मामा

*

आहोला
२० सप्टेंबर १९९३

प्रिय मामा,

यासोबत एक डबा आहे. पत्र आधी वाचा, डबा मग उघडा. असं मी लिहितोय, पण तुम्ही डबा आधीच उघडला असणार.

शनिवारी पहाटे पाऊस पडून गेला होता. मॅपल अर्धे लाल झालेत. गाड्या गावातल्या मैदानात रांगेने उभ्या होत्या, आणि आमच्या मागेच ओस्लुंड, त्याची निळी. तो येऊन पिवळीभोवती फिरला, मी ठोकून सरळ केलेला पत्रा पाहिला आणि म्हणाला, "डावा दिवा नवा दिसतोय. बरं झालं, माझा तडकलाय." सिल्वी त्याला म्हणाली, "तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबा, भाऊ, तोवर तडकलेल्यावर भागवा." मी काळे बूट घातले होते. पाळक आले होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं आणि बॉनेटवर क्षणभर हात ठेवला.

सुरुवातीचे टप्पे मी सावकाश नेले. फाट्या-फाट्यांवर ओळखीची माणसं झेंडे घेऊन उभी होती. माझ्या नेहमीच्या फाट्यावर आर्वो होता, आणि मला वाटलं की आता याला झाडांमागून आमचा आवाज येत असेल. दुपारपर्यंत वेळेच्या हिशोबात ओस्लुंड आमच्या पुष्कळ पुढे गेला होता.

शेवटचा टप्पा म्हणजे खाणीवरून तळ्याकडे उतरणारा. ओल्या मुरुमाची, नागमोडी वाट. तुम्ही तिथेच एकदा जिंकला होतात. सिल्वीने विचारलं, "कसं करायचं?" मी म्हणालो, "तू वाच." मनात एक छोटी प्रार्थना म्हटली, जिंकण्याची नाही, पाय हलका पडू नये एवढीच.

मग मला फार आठवत नाही. तिचा आवाज आठवतो. ती एका लयीत वाचत होती आणि मी तिच्या वाक्यांच्या खालून गिअर उतरवत होतो. उतारावर वेग वाढत होता. धुराड्याचं वळण आलं, मी दाबला, पेडल खाली जाऊन थांबलं, आणि पुढचं सगळं माझ्याआधी पायाने केलं. पुढे ती दोन वळणं आहेत, एकापाठोपाठ, जिथे लोक घाबरून आधीच दुसऱ्यात टाकतात. आम्ही तिसऱ्यात आत गेलो, मधे उतरवला, बाहेर निघालो. सिल्वी वाचत होती. शेवटी समोर तळं दिसलं, निळंभोर, आणि त्या तळ्याचा मला आता राग नाही, धास्तीही नाही.

आवाज लिहितो. मी काच खाली ठेवली होती, खास तुमच्यासाठी. डाव्या बाजूला खडक आहे, तो आवाज परत फेकतो. म्हणून प्रत्येक भुंक दोनदा येत होती, एक आमची आणि एक खडकाची, जणू डोंगरातून कुणीतरी दुसरी पिवळी आमच्याबरोबर खाली आणत होतं. शेवटच्या वळणाला दोन्ही एकदम झाल्या.

आमच्या गटात आम्ही तिसरे आलो. ओस्लुंड चौथा. शेवटच्या उतारावर त्याला दुसरा मिळेना, ओरखडा सगळ्यांनी ऐकला. संध्याकाळी तो कॉफीचा कप घेऊन आला आणि पिवळीभोवती परत एकदा फिरला. मग म्हणाला, "वाल्डेमारना कळवा, सुटे भाग मी दुसरीकडे बघेन. ही चालती आहे." सिल्वीने त्याला वेलचीचा पाव दिला. ताजा.

रविवार सोडून आज सकाळी गाडीखाली गेलो. बूच काढलं, पाहिलं नाही. डोळे बाजूला करून डब्यात घातलं आणि झाकण लावलं. सिल्वी म्हणाली, "पाहा तरी." मी म्हणालो, ते मामांचं आहे.

तुमचा,
ओन्नी

*

युमा
१ ऑक्टोबर १९९३

प्रिय ओन्नी,

डबा मी आधी उघडला नाही. पत्र वाचलं, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. एल्सी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. खडकाचं वाचताना मी थांबलो, कारण मला तो ऐकू आला. ती जागा मला माहीत आहे, पण तिथे दोन्ही आवाज एकदम करणं मला कधी जमलं नव्हतं. मी तिथे नेहमी जरासा उशिरा असायचो.

मग डबा उघडला. चुंबकावर काळसर ऑइल होतं, पातळ, साईसारखं. मी खिडकीपाशी गेलो. अंगठा त्याच्यावरून फिरवला, हळू, आणि उजेडात धरला. एकही सुई टोचली नाही. अंगठा नुसता काळा झाला.

बूच मी परत पाठवत नाही. नवीन बसव. हे माझ्या खिडकीत, लिंबाच्या शेजारी राहील.

गाडीचे कागद सोबत आहेत, तुझ्या आणि सिल्वीच्या नावाने. आहोलात बर्फ लवकर पडतं. तळ्यावर नेलीस तर मला आधी कळव, म्हणजे मी वेळेवर शिव्या देईन.

वाल्डेमारमामा